आधी जा

सोमवार, ८ जून

छोटे, सलाम घे.

अक्षर ओळखलं असशीलच. लगेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड, निदान पोस्टमनच्या पायपिटीची तरी कदर कर. फोनच केला असता, पण माझा आवाज कानावर पडला की तू फोन ठेवून देतेस. दोनदा अनुभव घेतलाय. तिसऱ्यांदा अपमान करून घ्यायची हौस नाही.

काल महिन्याचा पहिला रविवार झाला. प्रभुभोजनाचा पाव अजून आपल्याच बेकरीतून जातो, आईच्या वेळी जायचा तसाच. शनिवारी संध्याकाळी मी तो भाजते, फडक्यात गुंडाळून चर्चमध्ये नेऊन ठेवते. रविवारी ताट बाकाबाकावरून फिरत माझ्यापर्यंत येतं आणि मी ते हातात थांबूसुद्धा न देता शेजारच्या नर्सबाईंकडे सरकवते. प्यालाही तसाच. तू गेलीस तेव्हापासून हे चाललंय. नर्सबाईंनी आजवर एका शब्दानं विचारलं नाही. नोकरीतून निवृत्त झाली तरी ती बाई नर्सच आहे, कुठं दुखतंय ते तिला न सांगता कळतं.

पण आता चर्चमध्ये नवे पाळक आलेत. वय काय विचारतेस, आपल्यासमोर शाळेत गेले असते. आज सकाळी बेकरीत आले, काउंटरपाशी उभे राहिले, टोस्ट घेतले आणि मग घसा खाकरून म्हणाले, "ताई, एक विचारू? सगळी मंडळी तुमच्या हातचा पाव खाते आणि तुम्ही तेवढ्या खात नाही. मधुमेह आहे का? एवढ्याशा तुकड्यानं साखर वाढत नाही हो."

मी म्हटलं, "साखर नाही, बहीण आहे."

बिचाऱ्यांचा चेहरा बघायला हवा होतास. मग त्यांना आत बसवून सगळं सांगावं लागलं. आपल्या घरी प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी काय चालायचं ते तुला आठवतंय ना? जेवणं झाली की बाबा आपल्याला उठून उभं करायचे आणि प्रत्येकानं प्रत्येकाला विचारायचं, "तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे का?" तू दर वेळी म्हणायचीस, "आहे." कधी रिबीन, कधी पेन्सिल, एकदा तर मी झोपेत तुझी गोधडी ओढते म्हणून. बाबा कधी हसले नाहीत. "मग मिटवा," म्हणायचे, आणि मिटेपर्यंत दिवा मालवायचे नाहीत. अयोग्य रीतीनं जेवाल तर दंड ओढवून घ्याल, ही ताकीद त्यांनी आपल्या कानीकपाळी इतकी ओरडून सांगितली की मला अजून ताट दिसलं की त्यांचा आवाज येतो. आणि दुसरी आज्ञा: देवासाठी काही घेऊन निघालात, आणि वेदीपाशी आठवलं की बहिणीच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर हातातलं तिथंच ठेवा. आधी जा, मिटवा, मग या.

त्या आज्ञेत कोण बरोबर होतं ते विचारलेलंच नाही गं! हीच तर पंचाईत. विचारलं असतं तर मी केव्हाच सुटले असते, कारण मी बरोबर होते. अजूनही आहे.

असो. तर मी विचारते. तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे का? असेल ते लिही. नसेल तर नुसतं "नाही" लिही, पोस्टकार्ड पुरेल. पण पुढच्या पहिल्या रविवारच्या आत उत्तर येऊ दे. घाई कशाची ते विचारू नकोस.

तुझ्या नवऱ्याला, आपल्या घरच्या जावईबापूंना, सलाम सांग, सांगायचा असला तर.

तुझी ताई


बुधवार, १७ जून

छोटे, सलाम.

उत्तर नाही. बरं. तोंड फुगवून बसायची तुझी जुनीच सवय आहे, एकदा आईनं खरवडलेला करपलेला पाव तुझ्या वाट्याला आला म्हणून तू दोन दिवस कुणाशी बोलली नव्हतीस. शेवटी मीच माझा पाव तुझ्या ताटलीत टाकला. तो तू मुकाट्यानं खाल्लास, आभाराचा शब्द नाही.

हल्ली मी भट्टीपाशी स्टुलावर बसून काम करते. पाय दुखतात म्हणून. तर बसल्या बसल्या आठवणी फार येतात. वरच्या खोलीतली आपली जमीन आठवते तुला? खाली भट्टी, म्हणून थंडीत सुद्धा अनवाणी उभं राहिलं की तळपाय शेकायचे. आपण बिछाना बरोब्बर भट्टीच्या डोक्यावर ओढायचो आणि जागेवरून भांडायचो. पहाटे आई पहिली खेप बाहेर काढायची आणि त्याच सुमाराला बाबा कारखान्यावरची रात्रपाळी संपवून यायचे, पहारेकऱ्याचा तो जाड खाकी कोट घालून, गळ्यात शिट्टी. पिठानं माखलेल्या टेबलाभोवती आपण चौघं उभे राहायचो. बाबा दिवसाची एक आज्ञा नाहीतर ताकीद वाचायचे, आणि मग शिट्टी आपल्या दोघींपैकी एकीच्या गळ्यात घालायचे. तो दिवस तिचा. घरात कुणी आज्ञा मोडली की तिनं शिट्टी वाजवायची, मग तो कुणी का असेना. "पहारेकऱ्यानं संकट बघून शिट्टी वाजवली नाही, तर दोष त्याच्या माथी," असं म्हणायचे. आणि ज्याच्यावर वाजली त्यानं रागवायचं नाही. एवढंच म्हणायचं, "आठवण केलीस, बरं झालं."

किती वाजवली आपण ती! बाबांना झोपायचं होतं म्हणून ते "सांग, बाबा घरी नाहीत" म्हणाले, तेव्हा तू त्यांच्या कानाशी वाजवलीस. शेजारी दारातच उभा होता! बाबा लाल झाले आणि म्हणाले, "आठवण केलीस, बरं झालं," आणि मग शेजाऱ्याबरोबर गप्पा मारत बसले बिचारे, डोळे मिटत असताना. आईनं टोपलीत ताज्या पावांच्या खाली शिळे सरकवले तेव्हा मी वाजवली, गिऱ्हाइकासमोर. आईनं शिळे काढले, म्हणायचं ते म्हटलं, पण दिवसभर माझ्याकडे असं बघत होती की मी दुपारचं जेवण तुझ्या पाठीआड बसून केलं. आणि तू? तू माझ्यावर वाजवलीस, शेजारणीच्या नव्या चपलांची मी हाव धरली म्हणून. मी म्हटलं, अगं मी तोंडातून चकार शब्द काढला नाही! तू म्हणालीस, "तुझ्या डोळ्यांतून काढलास."

ते सगळं किती छान होतं, छोटे. पीठ, ती ऊब, सगळ्यांची अर्धवट झोप. मला ते दिवस इतके हवेसे वाटतात की कधीकधी पहाटे मी एकटीच टेबलापाशी उभी राहून मोठ्यानं वाचते. ऐकायला कुणी नाही. आईची खुर्ची सुद्धा आता पिठाची पोती ठेवायला वापरते.

आता तुझ्या मनात जे आहे ते मला ठाऊक नाही असं थोडंच आहे? तुझ्या साखरपुड्याचं जेवण. आपलंच लांब टेबल, त्याची माणसं, आपली माणसं. आणि हे जावईबापू चेहरा गोड करून बाबांना म्हणाले, "याआधी आम्ही कुठल्याच मुलीच्या घरी गेलो नाही." छोटे, त्याच्या आधीच्या साखरपुड्याचा केक मी केला होता! याच हातांनी. त्याचं नाव आणि शेजारी त्या मुलीचं नाव, गुलाबी क्रीमनं, वर दोन कबुतरं. पुढं ते मोडलं, ते मोडो. पण मी समोर बसलेली असताना? मी उठले, खिळ्यावरची शिट्टी काढली आणि वाजवली. मग कबुतरांसकट सगळं सांगितलं.

कुणीही म्हणालं नाही, "आठवण केलीस, बरं झालं." बाबासुद्धा नाही.

तू म्हणालीस, मला माहीत होतं, त्यानं मला सांगितलं होतं, बाबांना आम्ही सवडीनं सांगणार होतो. अगं, माहीत होतं तर जास्तच वाईट! खोटं ते खोटं. मी कुठं चुकले ते दाखव. पण ते राहू दे. मी विचारते, तुझ्या मनात काही आहे का? एवढंच लिही. पाळक म्हणाले, "तुम्ही पत्र लिहिलंत, तुमच्याकडून झालं, आता निर्धास्त घ्या." मला ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ताई


शुक्रवार, २६ जून

छोटे,

आज पोस्टमनला मी विचारलं, दुसऱ्या कुणाच्या पेटीत टाकत नाहीस ना? तो दुखावला. तुझ्यामुळे एका भल्या माणसाचं मन दुखावलं, हेही आता माझ्याच खात्यावर.

अगं, इतकी कसली घमेंड? एक अक्षर लिहायचं, त्याला काय डोंगर हलवायचा आहे? बाबांच्या अंत्यविधीला आलीस ती मागच्या बाकावर बसलीस आणि मातीनंतर सरळ निघून गेलीस. आईच्या वेळीही तेच. आईनं शेवटी शेवटी मला विचारलं, "दोघी बोलता ना?" मी म्हटलं, हो. बघ, मलाही खोटं बोलायला लावलंस, आणि शिट्टी वाजवायला घरात कुणी नव्हतं.

मी हे सांगणार नव्हते. पोटात गाठ आहे. ९ तारखेला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरायचं कारण नाही, आणि ते म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत, कागदाकडे बघतात. मला मरणाची भीती नाही, म्हणजे आहे, पण ती मोठी नाही. मोठी भीती ही की त्या टेबलावर आडवी होताना माझ्या तोंडात प्रभूच्या पावाचा घास गेलेला नसेल. इतकी वर्षं मी तो भाजतेय आणि मीच उपाशी. ५ तारखेचा रविवार शेवटचा. म्हणून घाई.

कीव करून उत्तर देऊ नकोस. तसलं मला नको. खरंखुरं असेल तर दे.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. कीव आली तरी चालेल.

ताई


शनिवार, ४ जुलै
तुझ्या स्वयंपाकघरातून

छोटे,

होय, तुझ्याच टेबलावर बसून लिहितेय. तासाभरापूर्वी फोनवर तू रडत होतीस आणि मी ओरडत होते, नीट काही बोलणं झालं नाही. म्हणून काय काय झालं ते क्रमानं लिहून ठेवते.

परवा नर्सबाई पाव घ्यायला आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पत्रांचं, पाळक काय म्हणाले त्याचं. म्हटलं, आता रविवारी मी घेणार, माझ्याकडून झालंय. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बोलल्या. "पत्र लिहिलंस म्हणजे गेलीस का?"

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. खरंच की! "आधी लिही" असं कुठं आहे? "आधी जा" आहे. आणि मी तीन तीन पत्रं पाठवून घरात बसले होते, चहा पीत, तूच उत्तर दे म्हणून हुकूम सोडत. लहान मुलाला कळेल ते मला कळलं नाही. आज पहाटे पीठ भिजवायला घेतलं आणि हात चालेना. भिजवलेलं पीठ तसंच झाकलं, पाळकांना निरोप ठेवला की या वेळी पाव दुसरीकडून आणा, किल्ली नर्सबाईंकडे दिली आणि पहिली गाडी पकडली. आईच्या वेळेपासून पहिल्यांदा आपल्या बेकरीचा पाव चर्चला जाणार नव्हता. रस्ताभर मला त्याचंच रडू येत होतं, तुझं नाही.

तुझा जिना चढताना तीनदा बसले. दारावर थाप मारली. मनात वाक्य तयार होतं, फक्त तुझ्यासाठी. दार उघडलं तर समोर जावईबापू. केस पांढरे झालेत, अंगावर घरातला सदरा, हातात भांडी घासायचा काथ्या. मग तो म्हणाला, "ती तुमच्याकडेच गेलीय. सकाळच्या गाडीनं."

मी तिथंच उंबऱ्यावर बसकण मारली. हसावं की रडावं कळेना. त्यानं पाणी आणलं, आणि मग हळूहळू सांगितलं. माझ्या पहिल्याच पत्राला तू बॅग भरलीस, रिकामी केलीस, दुसऱ्याला परत भरलीस. तिसऱ्यानंतर ती रिकामी झालीच नाही. "आणि एक सांगू का," तो म्हणाला, "तीही घेत नाही. लग्न झाल्यापासून. मी घेतो, आणि ती ताट पुढं सरकवते."

छोटे! इतकी वर्षं तू तिथं सरकवत होतीस आणि मी इथं. एका बापाच्या लेकी आपण, दुसरं काय! मला इतकी माया दाटून आली, आणि इतका रागही. दोन्ही चर्चमधली ताटं आपण दोघींनी मिळून किती वेळा परत पाठवली असतील.

मग मला दिसलं की हा माणूस समोर उभा आहे, काथ्या अजून हातात, आणि शिट्टी तर मी याच्यावर वाजवली होती. पत्रांमध्ये मी याला टोमण्याशिवाय आठवलंसुद्धा नव्हतं. शनिवार होता. मी उठून उभी राहिले, बाबा उभं करायचे तशी, आणि विचारलं, "तुमच्या मनात माझ्याविषयी काही आहे का?"

मला वाटलं, तो म्हणेल, छे छे, जुन्या गोष्टी. त्यानं काथ्या खाली ठेवला. मग म्हणाला, "आहे. त्या दिवशी माझी आई टेबलावर होती. तिनं नवी साडी घेतली होती त्या दिवसासाठी. परत जाताना गाडीत ती पदर तोंडावर घेऊन बसली. नंतर तुमच्या गावाकडची वाट तिनं शेवटपर्यंत धरली नाही."

तो खोटं बोलला होता, हे मी आजही म्हणेन. पण त्याची आई काही खोटं बोलली नव्हती. ती मला आत्ता दिसली, टेबलाच्या त्या टोकाला, चमचा हातात धरून. मी म्हटलं, "तुमच्या आईसाठी मला माफ करा." त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "भात टाकू का? सकाळपासून काही खाल्लं नसेल." आणि त्यानं खरंच भात टाकला.

तेवढ्यात तुझा फोन. मी इथं आहे एवढं सांगून त्यानं तो माझ्या हातात दिला. आणि तुझे पहिले शब्द काय? "ताई, बेकरीला कुलूप का आहे? किल्ली कुणाकडे आहे?" नर्सबाईंकडे, म्हटलं. मग तू म्हणालीस की पाळक दारातच भेटले, उद्याच्या पावाची चिंता करत होते, आणि तू त्यांना सांगितलंस, मी करते. मी ओरडले, भट्टी आता डाव्या बाजूनं जास्त तापते, पाव फिरवत राहा! तू म्हणालीस, आईच्या हाताखाली मी काय नुसती उभी होते का? मी म्हटलं, झाकलेलं पीठ फेकून दे, फार फुगलं असेल. तू म्हणालीस, वास घेऊन बघितल्याशिवाय मी काही फेकत नाही. तुझा आवाज आईसारखा झालाय, सांगितलंय का कुणी?

आणि मग मी न राहवून म्हटलं, "मी बरोबर होते." तू म्हणालीस, "होतीस, ताई. म्हणून तर यायला इतका वेळ लागला." आणि रडायला लागलीस. मी विचारलं, अजून आहे का मनात काही? तू म्हणालीस, "होतं. गाडीत बसले तेव्हाही होतं. तू माझ्या दारात आहेस म्हणाला तो, आणि गेलं."

माझंही गेलं गं. ते आधी सांगायला हवं होतं, भट्टीच्या गप्पांत वेळ घालवला.

तू परत निघतेस म्हणालीस, मी म्हटलं, मी निघते, आणि अर्धा वेळ त्यावर भांडण. शेवटी तुझंच ऐकलं. उद्या तू तिथं माझ्या जागी बस, मी इथं तुझ्या जागी. सोमवारी मी येते. ऑपरेशनला तू थांबणार म्हणालीस, त्याला मी नाही म्हटलं, तो नुसता मानभावीपणा होता. थांब.


रविवार, ५ जुलै

छोटे,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, उद्या मीच घेऊन येते. भेटल्यावर मला हे तोंडानं सांगता येणार नाही, मी नुसती रडेन आणि तू म्हणशील, ताई म्हातारी झाली.

तुझ्या जागी बसले. तुझे शेजारी वळून वळून बघत होते, ही कोण म्हणून. जावईबापू माझ्या डावीकडे, इस्त्रीचा सदरा, पाठ ताठ. ताट त्याच्या बाजूनं येणार हे माझ्या आधी ध्यानात आलं नव्हतं.

त्यानं आपला तुकडा घेतला. मग ताट माझ्यासमोर धरलं, दोन्ही हातांनी. पुढं सरकवायला माझा हात आपोआप उठला, इतक्या वर्षांची सवय. त्यानं ताट सोडलं नाही. तसंच धरून ठेवलं, मी थांबेपर्यंत.

मी तुकडा घेतला. पाव कोरडा होता, मीठ कमी, कुणी बनवला देव जाणे. मी तो तोंडात ठेवला आणि बराच वेळ चावलाच नाही. गिळला तर संपेल असं वाटत होतं. ताट कधी माझ्या मांडीवर आलं, मी ते दोन्ही हातांनी कधी घट्ट धरलं, मला कळलं नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पुसायचंही सुचत नव्हतं. पलीकडची बाई हात पुढं करून वाट बघत होती, तिच्या मागं अख्खा बाक.

तेव्हा तुझ्या नवऱ्यानं माझ्या कोपराला हळूच हात लावला.

"ताई," तो म्हणाला, "बाकीचे थांबलेत."

तुझी ताई